बारा दिवस आणि आठ तास

"यात अवघड काहीच नाही," प्रांजल म्हणाली, तेव्हा तिचा स्वतःवर पूर्ण विश्वास होता. सूक्ष्मजीवशास्त्रात पहिल्या वर्गात पदवी मिळवलेल्या माणसाचा असतो तसा. असा विश्वास साधारण दीड दिवस टिकतो.

प्रश्न तिच्या चुलत बहिणीचा होता. अंकिताची पोलीस भरतीची मैदानी चाचणी गुरुवारी सकाळी सांगलीत होती, आणि पाळीची तारीखही बुधवार-गुरुवारचीच. मागच्या भरतीत नेमकं हेच झालं होतं. आठशे मीटरच्या दुसऱ्या फेरीत पॅड सरकलं, अंकिताचं निम्मं लक्ष पायांकडे आणि निम्मं पॅडकडे, आणि ती दोन गुणांनी राहिली. यंदा तिची वयोमर्यादा संपत होती. या खेपेला जमलं नाही तर पुन्हा अर्ज भरता येणार नव्हता. मग जतमधल्या ज्या मुलाकडच्यांनी दोनदा निरोप पाठवला होता, त्यांना घरचे 'या' म्हणणार. मुलगा वाईट होता असं अंकिताचं म्हणणं नव्हतं. तिला त्याच्यासमोर खाकीत उभं राहायचं होतं, एवढंच.

प्रांजलचा उपाय तयार होता: टॅम्पॉन. कापसाची बोटाएवढी सुरळी, तिला मागं दोरी. योनीत बसवायची, रक्त ती आतल्या आतच शोषून घेते, धावताना सरकत नाही. सांगलीत तीन मेडिकल दुकानं पालथी घातल्यावर चौथ्या दुकानदारानं वरच्या फळीवरून एकुलतं एक खोकं काढलं, मुदत तपासली, वर्तमानपत्रात गुंडाळलं, काळ्या पिशवीत घातलं आणि गावठी कट्टा विकावा तशा चेहऱ्यानं तिच्या हातात दिलं. आणखी हवं असेल तर मागवायला चार दिवस लागतील, हेही सांगितलं.

सोमवारी ती ते घेऊन जतजवळच्या वाडीवर काकांकडे आली. सोबत फुलस्केप कागदावर स्वतः लिहिलेली अठरा प्रश्नोत्तरं होती. अंकितानं काही विचारायला तोंड उघडलं की प्रांजल उत्तराचा क्रमांक सांगायची. आत हरवलं तर? उत्तर चार, आकृतीसह. लघवीला काढावं लागतं का? उत्तर सात: नाही, तो मार्ग वेगळा. अंकिता मान डोलवायची आणि पुन्हा तेच विचारायची.

आता खोकं ठेवायचं कुठं हा प्रश्न. त्याच्यावर पांढऱ्या विजारीतल्या एका बाईचं उडी मारतानाचं चित्र होतं. या घरात असलं चित्र सापडलं असतं तर काकूंनी आधी त्या बाईची चौकशी केली असती. म्हणून प्रांजलनं खोकं चुलीत घातलं. आतला माहितीचा कागदही घातला, कारण तिचा स्वतःचा कागद जास्त मुद्देसूद होता. उरल्या एकेका पारदर्शक वेष्टनातल्या आठ सुरळ्या. त्यांना कोरडी, स्वच्छ, उंदीर शिरणार नाही अशी जागा हवी. अख्ख्या घरात तशी एकच होती, मेंढरांच्या औषधांची पत्र्याची पेटी. ती फक्त जनावर आजारी पडलं की उघडते, असं काकू म्हणाल्या. त्या आठवड्यात एकही मेंढरू आजारी नव्हतं. प्रांजलनं तेही विचारून घेतलं होतं.

विचारायचं राहिलं ते एवढंच की मंगळवारी तळ्याजवळ गुरांच्या डॉक्टरचं शिबिर आहे का.

तर शिबिर होतं. आणि कसलं, ते ऐका. कळपातल्या मेंढ्या पुढं-मागं व्यायल्या की चारणीच्या वाटेवर कुणाचं ना कुणाचं नुकतं जन्मलेलं कोकरू खांद्यावर घेऊन चालावं लागतं. म्हणून मेंढ्या एकाच वेळी माजावर याव्यात यासाठी डॉक्टर मेंढीच्या योनीत औषधाचा छोटा स्पंज ठेवतात. त्याची दोरी बाहेर राहते. बाराव्या दिवशी दोरी ओढून स्पंज काढायचा. अंकिताच्या वडिलांनी, म्हणजे बिरदेवआबांनी, गेल्या वर्षी वीस मेंढ्यांना हे करून घेतलं होतं आणि ज्या मेंढीला स्पंज घातला तिच्या पाठीवर निळा पट्टा मारून सगळा हिशेब चोख ठेवला होता.

तो निळा रंग काढायला आबांनी मंगळवारी सकाळी पेटी उघडली. आत आठ पांढऱ्या सुरळ्या, प्रत्येकीला दोरी. आबांना वाचता येत नव्हतं, पण विचार करता येत होता. शिकलेली पुतणी कालच शहरातून आली, आज शिबिर. डॉक्टरनं तिच्या हाती माल पुढं धाडला, हे उघड होतं.

प्रांजलला पेटी उघडी दिसली तेव्हा आबा तळ्यावर पोचून तास झाला होता. तिनं आधी शांतपणे परिस्थितीचा विचार केला. मग ती पळत सुटली. ते पळणं कुणी मोजलं असतं तर तिचीच भरती झाली असती, असं काकू अजून सांगतात.

तळ्याकाठच्या कडुलिंबाखाली चौदा मेंढपाळ, एक म्हातारी हरणाबाई आणि जाळीच्या वाघरात कोंडलेल्या शंभरेक मेंढ्या जमल्या होत्या. मध्ये आबा उभे होते. सरकारनं यंदा स्पंज बारीक केलाय, मेंढीला त्रास नको म्हणून, असं ते समजावून सांगत होते. सुरळ्या हातोहात फिरत होत्या. एकानं वास घेतला. धुळा नावाच्या पोरसवदा गड्यानं एक सुरळी पाण्याच्या पातेल्यात टाकली होती आणि ती फुगताना सगळे वाकून बघत होते.

"पानी बघ कसं पितंय," धुळा म्हणाला. "गेल्या सालचा असा नव्हता गड्या."

तेवढ्यात डॉक्टर रिजवान मोटारसायकलवरून उतरले. तालुक्याच्या दवाखान्यात नुकतेच लागलेले, तिशीच्या आतले. आबांनी त्यांच्या तळहातावर एक सुरळी ठेवली आणि पुढच्या खेपेला वीस पाठवायला सांगितलं. डॉक्टरांनी सुरळीकडे पाहिलं. मग धापा टाकत उभ्या असलेल्या प्रांजलकडे पाहिलं. मग हातमोजे घालायला त्यांनी गरजेपेक्षा बराच जास्त वेळ घेतला.

"आबा, हे मेंढ्यांचं नाही," ते शेवटी म्हणाले. "माणसांचं आहे."

"मानसांस्नी कशाला?" आबा म्हणाले. "समद्या बायकांनी एकाच म्हैन्यात बाळंत व्हायचं हाय का?"

प्रांजलपुढं दोन मार्ग होते. एक, धरणीनं पोटात घेणं. पण तिथं मुरूम होता, धरणी फाटण्यातली नव्हती. म्हणून तिनं दुसरा घेतला.

"आबा, ते अंकिताचं आहे. पाळीत धावताना वापरायचं. पॅडच्या जागी."

एक मेंढी शिंकली. चौदा फेटे आणि टोप्या वेगवेगळ्या दिशांना वळल्या. बाईच्या पाळीबद्दल या माणसांकडे एकही शब्द नव्हता. मेंढीच्या अंगाबद्दल मात्र हवे तितके होते, आणि आबांनी तेच वापरायला काढले.

"मग काडायचं कवा?"

"जास्तीत जास्त आठ तासांत. चार-पाच तासांनी बदललेलं बरं."

"आठ तास?" आबांनी डॉक्टरांकडे पाहिलं. "आमच्या मेंढीला तर बारा दिस चालतंय."

"मेंढीच्या स्पंजात औषध असतं आबा, यात रक्त साठतं," प्रांजल म्हणाली. "फार वेळ राहिलं तर एखाद्या वेळी त्यात जंतू वाढतात आणि विष तयार करतात. क्वचितच होतं. पण झालं तर जिवावर बेततं."

"कळायचं कसं?"

अचानक ताप, उलट्या, चक्कर, अंगावर लाल पुरळ, तिनं सांगितलं. तसं काही वाटलं की लगेच काढायचं, सरळ दवाखाना गाठायचा आणि आपण काय वापरलं होतं ते लपवायचं नाही.

मग एकेकाला कंठ फुटला. प्रश्न मेंढीचेच असल्यासारखे, कुणीही कुणाकडे न बघता. दोरी तुटली तर? बोटांनी काढता येतं, नाहीच निघालं तर डॉक्टर काढतात. हात कसे पाहिजेत? साबणानं धुतलेले, घालताना आणि काढतानाही. तारीख आलीय म्हणून आधीच घालून ठेवलं तर? नाही, पाळी सुरू झाल्यावरच. कोरड्यात घातलं तर काढताना आत खरचटतं. धुळानं विचारलं, वर वर जाऊन आत हरवलं तर? प्रांजल उत्तर क्रमांक चार सांगणार, तोच आबा बोलले.

"वाघरात शिरल्यालं मेंढरू कुटं जातंय रं? दार एकच हाय."

याच उत्तराला प्रांजलनं अर्धं पान आणि एक आकृती खर्ची घातली होती.

वेष्टन उघडलेलं किंवा खाली पडलेलं वापरायचं नाही, अशी भर डॉक्टरांनी घातली, आणि सगळ्यांचे डोळे आपापल्या हाताकडे गेले. एक सुरळी पातेल्यात होती. दोन घोंगड्यावर, तीन वेगवेगळ्या मुठींत, एक डॉक्टरांच्या हातात. वेष्टनात राहिलेली एकच, आबांच्या खिशातली. त्यांनी ती काढली, दोन्ही हातांनी प्रांजलकडे दिली आणि मेंढ्यांकडे वळले.

निघताना हरणाबाईनं तिला बाजूला घेतलं. पोरीचं लग्न व्हायचंय, त्याचं काय, असं अगदी हळू विचारलं. लग्न न झालेल्या मुलीही वापरतात, प्रांजलनं सांगितलं. आतला पडदा म्हणजे डब्याचं झाकण नव्हे. तो प्रत्येकीचा वेगळा असतो, ताणला जातो, आणि त्यावरून कुणाची परीक्षा होत नाही. हरणाबाईनं तिचा हात धरला.

"मग आमाला ह्ये कुनी कवाच कसं न्हाई सांगितलं?"

या प्रश्नाला कागदावर क्रमांक नव्हता.

गुरुवारी पहाटे सांगलीच्या मैदानाच्या फाटकातून अंकिता आत गेली. ती एकुलती एक सुरळी तिच्या खिशात होती. प्रांजल बाहेर पिशव्या आणि मोबाइल सांभाळत बसली. सात वाजता आबांचा फोन आला: घातलं का, किती वाजता. माहीत नाही, ती आत आहे, प्रांजलनं सांगितलं. आठला आला, नऊलाही आला. लेकीच्या पाठीवर निळा पट्टा मारता येत नव्हता, त्यामुळं आबा बेचैन होते.

अकराच्या सुमारास अंकिता बाहेर आली. गुडघ्यापर्यंत धूळ, गोळाफेकीनं हात काळा. प्रांजलनं गुणांचं विचारायच्या आधी विचारलं, "काढलंस का?"

"घातलंच न्हाई," अंकिता म्हणाली. "पाळीच आली न्हाई. तूच म्हनालीस न्हवं, कोरड्यात घालायचं न्हाई? मी तशीच पळाले. आठशेला पूर्ण गुण."

प्रांजलनं तिला मिठी मारली. मग शास्त्रीय शिस्तीनं हात पुढं केला. "दे मग ते इकडं."

"दिलं की."

"कुणाला?"

अंकितानं सांगितलं त्याचा सारांश असा. रांगेत मागं विट्याची एक मुलगी होती, कशिश नावाची. नंबर यायला दहा मिनिटं असताना तिची पाळी आली. जवळ काही नव्हतं, ती रडायला लागली. मागच्या वर्षीचं स्वतःचं धावणं अंकिताला आठवलं. तिनं सुरळी काढून दिली.

"आणि तिला माझ्यापेक्षा दोन सेकंद कमी लागले," अंकिता म्हणाली. यात दुःख किती आणि अभिमान किती, ते तिलाही सांगता आलं नसतं.

प्रांजलच्या डोक्यात मात्र सेकंद नव्हते, तास होते. एक अनोळखी मुलगी, आयुष्यात पहिल्यांदा टॅम्पॉन वापरणारी. माहितीचा कागद चुलीत गेलेला, तोही प्रांजलच्याच हातानं. सातला घातलं असेल तर तीनच्या आत निघायला हवं. आणि मुलगी कुठल्यातरी एसटीत बसून विट्याला चाललेली. घरी जाऊन दमून झोपली तर? तिनं आजवर शिकलेले सगळे जंतू तिच्या डोळ्यांपुढून संचलन करत गेले.

तेवढ्यात पुन्हा फोन. प्रांजलनं आबांना सगळं सांगितलं. 

"कुनाचं का असंना," आबा म्हणाले. "आत गेल्यालं बाहेर आलं पायजे. जावा, हुडका तिला."

दोघी रिक्षानं बसस्थानकावर गेल्या. विट्याची गाडी लागली होती. प्रांजल एका दारानं चढली आणि प्रत्येक बाकावरच्या मुलीचा चेहरा बघत दुसऱ्या दारानं उतरली. कंडक्टरनं काय हरवलंय म्हणून विचारलं, तेव्हा 'एक मुलगी' एवढंच सांगून ती फलाटाकडे पळाली. शेवटी अंकितालाच ती दिसली, कॅन्टीनमध्ये, वडिलांसोबत भजी खाताना. वडील पाण्याची बाटली आणायला उठले, आणि प्रांजल त्यांच्या रिकाम्या खुर्चीत जवळपास कोसळली.

"तुम्ही मला ओळखत नाही," ती म्हणाली, "पण ते काढलं का?"

कशिशनं भजी खाली ठेवलं. अंकिताकडे पाहिलं, आणि तिच्या लक्षात आलं.

"दहालाच काढलं," ती म्हणाली. "हात धुऊन. कागदात गुंडाळून कचऱ्याच्या डब्यात टाकलं, संडासात न्हाई. घालायला जरा येळ लागला, पन जमलं. ताप न्हाई, चक्कर न्हाई."

प्रांजलचा जीव भांड्यात पडला. आणि त्यापाठोपाठ, खरं सांगायचं तर, थोडा अभिमानही वर आला. अंकिता नुसती मान डोलवत नव्हती तर. अठरा उत्तरं तिनं आत साठवली होती आणि ऐन रांगेत उभं राहून दुसरीला दिली होती.

"रांगेत एवढं सगळं लक्षात राहिलं तुझ्या?" तिनं कशिशला विचारलं.

"राहनारच. किती सोपं करून सांगितलं हिनं, वाघरात शिरल्यालं मेंढरू, दार एकच हाय," कशिश म्हणाली. "मी हिला म्हटलं पन, तुमच्या घरात कोन मोठे डॉक्टर हायत का?"

"मग?" प्रांजलनं ओढणी सारखी केली.

"ही म्हनाली, आमचे आबा. मेंढरं राखतात."

प्रांजलनं वळून तीन चहा सांगितले, आणि ते येईपर्यंत भिंतीवरचं वेळापत्रक फार लक्षपूर्वक वाचलं.