सहाशे पोती खजुराच्या पाहणीची हकीकत

करत्या-करवित्याचे नाव घेवोन, जे जाहले ते ऐसे. सन बाराशे बारा, माहे रजब. एका राज्यात बिनव्याजी पेढी होती. व्याज हराम, सबब रयतेच्या ठेवींतून माल घ्यावा, विकावा आणि नफा-तोटा ठेवीदारांनी वाटोन घ्यावा, आणि जुम्म्याचे नमाजानंतर मालाची किंमत चौकात वाचोन दर कलमापुढे पाहणाराचे नाव सांगावे, ऐसा शिरस्ता. परंतु दिवाण मन्सूरखान घुशींस बहुत भीत. बारा वर्षे कोठाराचे दारातूनच पोती मोजीत आणि ‘पाहणार दिवाण’ लिहवीत. त्या साली पोत्यास चाळीस रुपये दराने घेतलेला खजूर बाजारी साठास चढला, आणि दिवाणांनी जमाखर्च लिहिणाऱ्या जमेनीस जुलेखाबींस फर्माविले, “सहाशेही पोती साठाने लिहा. नफा वाटू.”

“एक तरी विकले का, खानसाहेब?”

“विकेल हो! तुमचा हात का आखडतो?”

जुलेखाबींस ठाऊक होते की दिवाणांचे मेहुणे उद्या चौकात वाचन होताच ठेव काढणार. न जाहलेला नफा ते घेवोन जातील, आणि मागे राहिलेल्यांचे माथी तोटा बसेल. मागे राहणारांत गोधड्या शिवणारी सुगराबी होती, दहा वर्षे हजसाठी साठविणारी. मग जुलेखाबी पदर खोचोन कोठारात शिरल्या आणि खालच्या थप्पीत कोपरापर्यंत हात घातला, तो आंबूस चिकट निघाला. थप्पी उलगडता दोनशे पोती नासलेली निघाली.

“हे वाचाल तर दौत ठेवोन घरी बसाल,” दिवाण दारातूनच बोलिले.

“बसेन. आधी वाचते.”

आणि चौकात वाचिले: चारशे पोती, विकली नाहीत सबब खरेदीचेच चाळिसाने, दोनशे नासली, गुरांचे खाण्याचे मोलाने, पाच, पाहणार जुलेखाबी. मेहुणे ओरडले, “बाईमाणसास भाव काय कळतो?” जुलेखाबी म्हणाल्या, “चला, कोठार उघडेच आहे. दिवाणसाहेब, आपणही या.” दिवाण जागचे हालले नाहीत. मग चौकात हजर असलेले काजीसाहेब स्वतः आत जावोन आले, हात धुतले, पुन्हा धुतले, आणि बोलिले, “बीने लिहिले तेच कायम.”

इतर मालाचे नफ्यातून हा तोटा वजा जाता शेकडा बारा आणे वाटा आला. सुगराबींनी नाणी पदरात घेवोन पुसिले, “बी, एवढेच?”

“एवढेच. पण हे खरे आहेत.”

सुगराबींनी त्यातले आठ आणे परत ठेवीत घातले.

सारांश, मेहुणे ठेव आणि खरा तेवढाच वाटा घेवोन गेले, न जाहलेला नफा न घेता. दौत जुलेखाबींकडेच राहिली. रयतेने ठेवी काढिल्या नाहीत. इति.