खुराड्यातली पाठमोरी

"खुराडं आतून रंगवलंत का?" बायकोने फोनवर विचारलं आणि पेंटरने "हो" म्हणून टाकलं. खुराड्याला अजून ब्रशही लागला नव्हता.

"आणि अंडी?"

"रोज पाच."

"कोंबड्या चार आहेत ना?"

"एक जरा उत्साही आहे."

बायको मुलीच्या बाळंतपणाला म्हणून गेली होती, महिन्याभरासाठी. आता चौथा महिना चालू होता. पेंटरने जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या. 'आत या', 'स्वागत आहे' ही अक्षरं त्याच्या हातून हजारदा उतरली असतील. पण स्वतःच्या बायकोला 'आता ये' म्हणायला त्याची जीभ रेटत नव्हती. छत्तीस वर्षांत तशी वेळच आली नव्हती. ती घरातच असायची. म्हणून तो रोज "तिकडे हवा कशी आहे?" असं विचारायचा. ती हवा सांगायची, मग कोंबड्यांची चौकशी करायची आणि वेळ उरला तर त्याची.

फोन ठेवल्याबरोबर त्याने कामाला हात घातला. खुराडं त्यानेच बांधलेलं, वाकून आत जाता येईल एवढं मोठं. कोंबड्यांना त्याने दिवसभरासाठी स्वयंपाकघरात कोंडलं, जळमटं झाडली, भिंती खरवडल्या आणि पांढऱ्या रंगाचे दोन हात मारले. संध्याकाळी कोंबड्यांना दारापर्यंत नेलं, तर त्यांनी आत एकदा मान घातली आणि चौघीही घराकडे परत पळाल्या. नव्या रंगाचा वास त्यांना मंजूर नव्हता.

पुढचे तीन दिवस त्या घरातच होत्या. एक टेबलावर, दोन कपाटावर आणि चौथी, तीच ती उत्साही, बायकोच्या उशीवर. तिला हुसकायला पेंटरने हात उचलला आणि तसाच खाली घेतला. तीन महिन्यांवर ती उशी रिकामीच होती. त्यापेक्षा कोंबडी परवडली.

चौथ्या दिवशी त्याच्या डोक्यात आलं की कोंबड्यांना रंगाचं काही नाही, त्यांना त्याची बायको हवी आहे. आणि आत मोठी पांढरी भिंत कोरी होती. कोरी भिंत बघितली की पेंटरचे हात शिवशिवायचे. त्याने रंगांचे डबे घेऊन आत बैठक मारली आणि बायकोचं चित्र काढायला घेतलं.

चेहरा काही जमेना. पहिल्यांदा काढला तो पोस्टमास्तरांसारखा झाला. पुसला. दुसऱ्यांदा काढला तो मुलीसारखा झाला. तिसऱ्यांदा तर भुवयांपाशीच गाडी अडली. गालावरचा तीळ उजवीकडे की डावीकडे? त्याला आठवेना आणि त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली. पण पाठ! ओट्याशी उभी असलेली तिची पाठ त्याला तोंडपाठ होती. ओघळलेला अंबाडा, उजवा खांदा जरासा खाली, कोपराला रफू केलेला जांभळा स्वेटर. पाठ दुपारपर्यंत उतरली. हुबेहूब.

त्या संध्याकाळी कोंबड्या मुकाट आत गेल्या. वास उडाला म्हणून गेल्या की पाठ ओळखून गेल्या, ते त्यांनाच ठाऊक. पेंटरने श्रेय पाठीला दिलं आणि दुसऱ्या दिवसापासून स्वतःचा चहाही खुराड्यातच घ्यायला लागला.

"आज भाजीत मीठ विसरलो," तो भिंतीला सांगायचा. "तू असतीस तर बोलली असतीस. बोल की."

हे कुंपणापलीकडून शेजारच्या शिंपीणबाईंनी ऐकलं. त्यांनी जाळीतून डोकावून पाहिलं आणि त्या तशाच घरी पळाल्या. पाचव्या मिनिटाला बायकोचा फोन वाजला.

"काकू, तुम्ही आहात तिकडे आणि इथे खुराड्यात एक बाई बसलीय! काका तिला चहा पाजतात!"

"कोण बाई?"

"तोंड फिरवून बसते हो, लाज वाटत असणार. आणि तुमचा जांभळा स्वेटर अंगात!"

बायकोने स्वतःच्या अंगाकडे पाहिलं. जांभळा स्वेटर तिच्याच अंगात होता. म्हणजे या माणसाने त्या बाईला तस्साच दुसरा घेऊन दिला! हा एक घेताना तिला दहा दुकानं फिरवलं होतं. तिने पेंटरला फोन लावला.

"खुराड्यात कोण आहे?"

"कोंबड्या."

"आणखी कोण?"

पेंटर कानापर्यंत लाल झाला. म्हाताऱ्याने बायकोचं चित्र काढलं, हे फोनवर सांगायचं कसं?

"कोणी नाही गं. तिकडे हवा कशी आहे?"

"चांगली तापलीय," ती म्हणाली आणि फोन आपटला.

दुसऱ्या दिवशी ती सकाळच्या पहिल्या बसने आली. बॅग फाटकात टाकली आणि सरळ खुराड्यात शिरली. पेंटर हातातला कप घेऊन बाहेर उभा राहिला. आतून ती म्हणाली, "माझा खांदा एवढा पडलाय?"

"उजवा. थोडासा."

"आणि तोंड कुठंय?"

"नाही आलं," तो म्हणाला. "तीनदा काढून बघितलं. मी तुला नीट बघितलंच नाही कधी." आणि मग जीभ रेटली की घसरली कोण जाणे, तो म्हणाला, "फार दिवस झाले गं. करमत नाही मला."

तिने एक बादली पालथी घातली, डोळ्यांच्या कडा स्वेटरच्या बाहीला पुसल्या आणि त्याच्याकडे तोंड करून बसली.

"मुलीला चार दिवसांत येते म्हणून सांगितलंय. तोंड पुरं झाल्याशिवाय काही हलत नाही मी. घ्या ब्रश. किती दिवस लागतील?"

पेंटरने ब्रश घेतला. गावातल्या दवाखान्याची वीस फुटी पाटी त्याने एका दुपारात उरकली होती. तीळ डावीकडे होता. त्याने तो नीट पाहून घेतला, मग ब्रश परत डब्यात ठेवला.

"घाईचं काम नाही हे," तो म्हणाला. "आज नुसतं बघतो."