नाव सांग, मग ओटीपी

डोंबिवलीतल्या आमच्या मजल्यावर कुणी पार्सल घेऊन आला, की त्याला आधी सावंतकाकूंच्या परीक्षेला बसावं लागतं. पार्सल आमचं असलं तरी. काकूंचं दार आमच्या समोर आणि ते सकाळपासून उघडंच. "थांब रे," त्या आतूनच म्हणतात, "नाव काय तुझं?" पोरगा घाईत असतो, तो कंपनीचं नाव सांगतो. "कंपनीचं नको. तुझं." मग नाव, मग गाव, मग आईचं नाव. स्वतःचं पार्सल असेल तर आईचं नाव कळल्याशिवाय काकू ओटीपी देत नाहीत. एकदा एकाने थंडगार पिझ्झा माझ्या हातात ठेवत विचारलं, "अंकल, ये आंटी पुलीस में थी क्या?"

पोलिसात नव्हत्या. ठाण्याला एका इस्पितळात नर्स होत्या. तिथे पेशंटला खाटेच्या नंबरानं ओळखायची पद्धत. डॉक्टर म्हणायचे, "सिस्टर, बाराला सलाईन लावा." काकू म्हणायच्या, "हो, गंगूबाईंना लावते." मग गंगूबाई कोण हे डॉक्टरांना शोधावं लागायचं आणि काम दुप्पट व्हायचं. काकू निवृत्त होईपर्यंत बधल्या नाहीत.

आमचे सेक्रेटरी म्हात्रे इथलेच. बिल्डिंग उभी आहे ती जागा म्हणजे त्यांच्या आजोबांची भातशेती. सोसायटीच्या मीटिंगमध्ये त्यांनी वृत्तांत वाचला, 'वॉचमनला समज देण्यात आली.' काकू उभ्या राहिल्या. "कुठल्या वॉचमनला? त्याला नाव आहे की नाही?"

म्हात्रे मान खाजवत म्हणाले, "काकू, नाव घेतल्यान काय गेट बेगीन उघरनार हाय?"

शेवटी वृत्तांत बदलला, 'श्री. रामसुजान यादव यांना समज देण्यात आली.' आपलं नाव लेखी आलेलं पाहून यादव बिचारा आठवडाभर नोकरी जाणार म्हणून घाबरून होता.

इथवर सगळा गमतीचा मामला होता. मग काकूंचा एकुलता एक मुलगा संदीप काँगोला गेला. तांबं आणि कोबाल्ट काढणारी कुठलीशी परदेशी कंपनी, तिथे अकाउंट्समध्ये. राहायला बंगला, दाराशी गाडी, स्वयंपाकाला माणूस. काकूंनी पेढे वाटले आणि त्याच संध्याकाळी वाचनालयातून आफ्रिकेच्या इतिहासावरची दोन जाडजूड पुस्तकं आणली. तेव्हापासून त्यांच्या तोंडचं पाणी पळालं आणि हळूहळू आमच्याही.

जिन्यात गाठ पडली की सुरू. "तुम्हाला माहितीय, त्या देशावर बेल्जियमच्या राजाची मालकी होती? आपली फ्लॅटवर असते तशी. आणि तो तिथे एकदासुद्धा गेला नाही. रबर कमी भरलं की माणसांचे हात तोडायचे." माझ्या हातात कोथिंबिरीची जुडी असायची, ती मी उगाच निवडायला लागायचो. दुसऱ्या दिवशी गुलामांची जहाजं. "पलीकडे अमेरिकेत उतरवलं की मालक नवीन नाव द्यायचा. आईनं ठेवलेलं समुद्रातच राहायचं. सोनं, तांबं, माणसं, सगळं नेलं हो. पण आधी नाव नेलं." एकदा आमच्या घरी येऊन बायकोच्या फोनकडे बोट दाखवून म्हणाल्या, "याच्या बॅटरीतलं कोबाल्ट तिकडचं असेल गं. खणणाऱ्याचं नाव काय असेल?" बायको हल्ली चार्जर लावताना चोरी केल्यासारखा चेहरा करते.

त्यात काकूंनी मोबाइलवरून तिकडची स्वाहिली भाषा शिकायला घेतली. सकाळी दूध तापवताना समोरून पाठांतर ऐकू येई, "जिना लाको नानी? जिना लाको नानी?" म्हणजे तुझं नाव काय. दुसरं काही त्या आधी शिकल्याच नाहीत.

दर रविवारी दुपारी संदीपचा व्हिडिओ कॉल. फोन धरायचं काम माझ्याकडे, कारण काकू व्हिडिओ कॉलसुद्धा कानाला लावतात आणि संदीपला अर्धा तास नुसती त्यांच्या कानातली कुडी दिसते.

गेल्या महिन्यात मात्र दोन रविवार फोन लागला नाही. टीव्हीवर काँगोतल्या गोळीबाराच्या बातम्या. सगळी बिल्डिंग काकूंना धीर द्यायला येऊन गेली. बायकोनं खिचडी दिली, ती तशीच राहिली. मीही सोफ्यावर बसून म्हणालो, "काकू, संदीपला काही होणार नाही."

"त्याला कोणी काही करेल म्हणून नाही घाबरत मी," काकू म्हणाल्या. "लढाई पूर्वेला आहे, हा दक्षिणेला. नकाशा पाठ झालाय माझा. हा तिथे जाऊन काय होऊन बसेल, त्याची भीती वाटते. बंगल्यात राहतो. मी इतक्यांदा विचारलं, तुला जेवायला घालतो त्याचं नाव काय, तर दर वेळी म्हणतो, आई, रेंज जातेय."

मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही.

तिसऱ्या रविवारी फोन वाजला. संदीप ठणठणीत होता, तिकडचं नेटवर्कच बंद पडलेलं. तो खुलासा करत होता तेवढ्यात काकूंनी विचारलं, "आचाऱ्याचं नाव काय?"

"पिएर," संदीप पटकन म्हणाला.

काकूंनी डोळे मिटून घेतले. मलाही हायसं वाटलं. पण डोळे उघडून त्यांनी पुढचा प्रश्न टाकलाच. "आईनं ठेवलेलं?"

"ते काय माहीत. या बंगल्यातल्या कुकला पिएरच म्हणतात. आधीचा होता तोपण पिएर. गोऱ्या साहेबांच्या वेळेपासून तसंच चालत आलंय. त्याला काही वाटत नाही गं."

संदीप तिकडून "आई, ऐकू येतंय ना? आई?" करत राहिला.

"बोलाव त्यांना," काकू म्हणाल्या.

"अगं, तो भांडी घासतोय."

"हात पुसून या म्हणावं."

आला तो पांढऱ्या केसांचा, काकूंच्याच वयाचा माणूस. ॲप्रनला हात पुसत लांबच उभा राहिला. काकूंनी घसा साफ केला आणि दुधापुढे घोकलेलं ते वाक्य म्हटलं. त्यानं आधी संदीपकडे पाहिलं. संदीप खाली बघत होता. मग तो फोनजवळ आला आणि हळू म्हणाला, "इलुंगा." थोडं थांबून पूर्ण सांगितलं, "इलुंगा कासोंगो."

काकूंनी ते दोनदा म्हणून बरोबर करून घेतलं. आईचंही नाव विचारलं. तेवढं वाक्य त्यांनी मधल्या काळात तयार केलं असावं. "मुजिंगा," तो म्हणाला आणि हसला. मग पार फोनवर वाकून त्यानं विचारलं, "ना वेवे, मामा?"

"काय म्हणतोय?" संदीपला कळलं नव्हतं.

काकूंना कळलं होतं. मामा म्हणजे तिकडे आई. आणि तुमचं नाव काय, आई, असं तो विचारत होता. अर्ध्या डोंबिवलीला नावं विचारणाऱ्या काकूंना त्यांचं नाव कुणी विचारत नसे. इस्पितळात त्या सिस्टर, नातेवाइकांत संदीपची आई, बिल्डिंगमध्ये सावंतकाकू. दारावरच्या पाटीवर अजून गेलेल्या काकांचंच नाव आहे. त्यांनी गाउनवरचा टॉवेल खांद्यावर सारखा केला.

"शालिनी," त्या इतकं हळू म्हणाल्या की तिकडे पोचलंच नसावं. मी फोन जवळ नेला. "शालिनी," त्यांनी पुन्हा सांगितलं.

"शालिनी," इलुंगांनी एकेक अक्षर जपून उच्चारलं. "मामा शालिनी."

काकूंनी फोन माझ्या हातातून घेतला आणि सवयीनं कानाला लावला. या वेळी मी तो सरळ करायला गेलो नाही.