फुटलेली हूल

"बालाघाटपासून तिरोडीपर्यंत माझ्या तोडीचं डोकं एकच, आणि ते मी रोज सकाळी तेल लावून जपतो," असं गुप्तहेर गुणाकरराव स्वतःची ओळख करून देत. आजवर त्यांनी एकच प्रकरण सोडवलं होतं, चोरीला गेलेल्या पिशवीचं. ती कटंगीच्या बसमध्ये ते स्वतःच विसरले होते, हे कळायला त्यांना चार दिवस लागले. त्यांचा मदतनीस वसंता, वाचनालयातला निवृत्त कारकून, याला ते पहिल्याच दिवशी कळलं होतं. पण आपल्याला कळलं म्हणजे ते चूकच असणार, असं वाटून तो गप्प बसला.

सोमवारी रचना आली. फ्रिस्बीच्या संघाची कप्तान.

"काकाजी, मलाजखंडवाले आमची चाल आधीच ओळखून राह्यले. दोनदा हरलो. या रविवारी हरलो त पोरं क्रिकेटले जातीन. टीम खतम."

"फितुरी!" गुणाकरराव उठले. "वसंता, वही!"

मैदानावर सराव चालला होता. एकाच्या हातात तबकडी, समोर बाकीच्यांची रांग. रांगेतला पहिला उजवीकडे दोन पावलांची हूल देई, गर्रकन वळून डावीकडे सुटे, आणि तबकडी नेमकी त्याच्या पुढ्यात येई. मग दुसरा. मग तिसरा. वसंताने पेन्सिलीने लिहिलं : 'उजव्या अर्ध्या मैदानात जिजाबाईचं धान वाळत आहे.' मग खोडलं. एवढ्या गंभीर तपासात धान बरं दिसत नव्हतं.

पहिला संशय बकऱ्या राखणाऱ्या महागूवर, कारण तो मोबाइल घेऊन बसलेला. गुणाकररावांनी झडप घातली. मोबाइलवर महागूच्याच लग्नाचा व्हिडिओ होता.

"स्वतःचं लग्न स्वखुशीनं पुन्हा बघणारा माणूस हेर नसतो," ते म्हणाले. "पण संशयास्पद आहेच."

मंगळवारी त्यांनी तबकडी किराणा दुकानात तोलली. "एकशे पंच्याहत्तर ग्रॅम! पाव किलोसुद्धा नाही. आतलं यंत्र कुणीतरी काढलंय."

"ते तेवढीच असते, काकाजी," रचना म्हणाली.

"असंच भासवतात."

बुधवारी त्यांनी संघातल्या रजतला पकडलं. तो शिंकत होता आणि शिंका ही सांकेतिक भाषा होती.

"अरे अंकल, धान की धूल है!" रजत वैतागला.

वसंताची पेन्सिल पुन्हा धानापाशी थबकली. पण दोनदा तेच सुचावं, हे त्याला आपल्या डोक्याचं दारिद्र्य वाटलं.

"आता शेवटचा संशयित," म्हणत गुणाकरराव धान राखत बसलेल्या जिजाबाईकडे वळले. "बाई, तुम्ही इथे रोज काय बघता?"

"माहं धान!" जिजाबाई म्हणाली. "धानावर पाय ठेवला त टांग तोडीन, म्हटलं होतं या पोरायले. तवापासून डावीकडंच पयून राह्यले. मॅचले जाऊनही डावीकडंच पयत असतीन. आंधळ्यालेही समजन."

रचनाने जागच्या जागी हूल देऊन पाहिली. पाय आपोआप डावीकडे गेले.

"आजी, आता काय करू?"

जिजाबाईने फावडं उचललं आणि सगळं धान डावीकडे ओढलं. "पया आता उजवीकडं."

रविवारी जिजाबाईने सामन्यापुरतं धान पोत्यांत भरलं होतं, मैदान मोकळं होतं. अखेरच्या गुणाला मलाजखंडवाले सवयीने डावीकडे झुकले, रचना उजवीकडे सुटली आणि तबकडी तिने एकटीने, निवांत झेलली. संघ जिंकला.

"आपका कोच कौन है?" पाहुण्या कप्तानाने विचारलं.

गुणाकरराव खाकरून पुढे झाले. रचनाचं बोट त्यांच्या खांद्यावरून पलीकडे, धानाच्या पोत्यावर बसलेल्या जिजाबाईकडे गेलं.

"झालं का नाई तुमचं?" ती ओरडली. "ऊन चाललं!"

वसंताने वही उघडली. कोणी बघत नाही असं पाहून त्याने ती खोडलेली ओळ पुन्हा लिहिली. या वेळी पेनाने.