चष्मा पोचवायला गेली होती

कोणत्याही सुसंस्कृत शहरात खून झाला की दोन यंत्रणा कामाला लागतात. एक खुन्याला शोधते. ती सावकाश चालते. दुसरी मृताच्या घरच्यांना शोधते. तिला पत्ता लगेच सापडतो.

चष्म्याच्या दुकानात काम करणाऱ्या एका तरुणीचा संध्याकाळी रस्त्यात खून झाला. सकाळी शहरातल्या जबाबदार दैनिकाने पहिल्या पानावर विचारलं, ‘निर्जन रस्त्यावर “ती” कोणाला भेटायला गेली होती?’

चार दिवसांनी तो अंक घेऊन आई आणि धाकटी बहीण दैनिकाच्या कचेरीत गेल्या. संपादक मोठे सौजन्यशील. त्यांनी खुर्च्या दिल्या, पाणी मागवलं आणि फोटोवाल्याला डोळ्यानेच खुणावलं.

“साहेब, माझी लेक कोणाला भेटायला गेली नव्हती,” आई म्हणाली. “दुकानाचं एक म्हातारं गिऱ्हाईक आहे, ड्रॉइंग मास्तर. त्यांचे गुडघे धरलेत, म्हणून त्यांचा चष्मा पोचवायला गेली होती. तेवढी एक ओळ छापा.”

“मावशी, आम्ही कुठे काय म्हटलंय? आम्ही नुसतं विचारलंय.”

“मग उत्तर छापा.”

“उत्तराला पहिलं पान नसतं हो. आणि चष्म्यात अँगल नाही.”

“माझ्या ऑफिसात सगळे विचारतात, तुला ठाऊक होतं का गं?” धाकटी म्हणाली. “मी जायचंच सोडलंय.”

“बघा, म्हणजे लोक वाचतात!” संपादकांचा चेहरा उजळला.

तरीही नियम म्हणजे नियम. आईच्या म्हणण्याची खातरजमा करायला त्यांनी गुन्हे वार्ताहराला मास्तरांकडे पाठवलं. या वार्ताहराला कचेरीत सगळे ‘पंचनामा’ म्हणत. मास्तर दारातच म्हणाले, “गुणी पोर. चहा घेऊन जा म्हटलं, तर उशीर होईल म्हणाली. थांबली असती तर...” त्यांनी दार लावून घेतलं.

खातरजमा दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर प्रसिद्ध झाली: ‘“ती” थांबली असती तर! एकाकी वृद्धाचा गौप्यस्फोट. दार का लावले?’ दुपारपर्यंत मास्तरांच्या घरासमोर बघ्यांची जत्रा भरली. घाबरून मुलगा त्यांना आपल्याकडे घेऊन गेला. तिसऱ्या दिवशीचा मथळा होता, ‘“तो” वृद्ध गायब!’

आई पुन्हा कचेरीत. “खरं सांगणारा एकच माणूस होता, साहेब. तोही तुम्ही पळवून लावलात.”

“म्हणून तर म्हणतो, आता तुम्हीच बोला. कॅमेऱ्यासमोर. मध्येच जरा रुमाल डोळ्यांना...”

“रडायचं ते मी घरी रडते.”

“घरी? कधी साधारण? माणूस पाठवतो.”

आई उठून चालू लागली. उठतानाचा फोटो झकास आला. ‘आईच्या डोळ्यांत पाणी का नाही?’ या मथळ्याखाली एका मानसतज्ज्ञाचं मत होतं. ते आईला कधी भेटलेले नसल्यामुळे मत अगदी निःपक्षपाती होतं.

मग पोलीस आले. फौजदार भला माणूस; काखेतला पेपर लपवत म्हणाला, “राग मानू नका बाई. पण तुम्ही रडत का नाही, अशी वरून विचारणा झालीय.”

“खुनी सापडला का?”

“त्याबद्दल वरून अजून काही विचारणा नाही.”

धाकटीने मात्र हेका सोडला नाही. कचेरीच्या जिन्यात ती रोज जाऊन बसू लागली. शेवटी आतल्या पानावर, टायरच्या जाहिरातीच्या पायाशी, ओळ आली: ‘मृत तरुणी चष्मा पोचवायला गेली होती, असा कुटुंबीयांचा दावा आहे.’

“दावा?” आई एवढंच म्हणाली. तरी तिने ती ओळ कापून घेतली आणि शेजारणीला नेऊन दाखवली. पंचवीस वर्षांचा शेजार. मुलगी तिच्या अंगाखांद्यावर खेळलेली. शेजारणीने ओळ दोनदा वाचली, डोळे टिपले, आईचा हात हातात घेतला आणि आवाज खाली आणून विचारलं, “ते ठीक आहे गं. पण खरं काय होतं?”

शेजारणीला नावं ठेवू नयेत. ती निदान तोंडावर विचारते. आपण ‘बिचारी’ म्हणतो, चहाचा घोट घेतो आणि हेच मनात ठेवून पान उलटतो. आणि ही गोष्टसुद्धा तुम्ही इथवर वाचलीत ती, खरं सांगा, निदान इथे तरी आतली भानगड कळेल म्हणूनच ना?