सीसीटीव्हीत न दिसणारे प्रभाकरदादा

आमची सोसायटी दिंडोशीत, डोंगराच्या अगदी पायथ्याशी. मागची भिंत संपली की जंगल सुरू. त्यामुळे गेटावरच्या सीसीटीव्हीत अधूनमधून बिबट्या दिसतो. भिंतीवरून उतरतो, कचऱ्याच्या डब्याचा वास घेतो आणि पाहुण्यासारखा निवांत निघून जातो. प्रभाकरदादा मात्र त्या कॅमेऱ्यात कधीच दिसत नाहीत. ते रोज बाहेर पडतात, रोज परत येतात, आणि वॉचमन दर वेळी छातीठोकपणे सांगतो, "साहेब घरातच आहेत."

प्रभाकरदादा म्हणजे माझ्या बायकोचे, सुनंदाचे, थोरले भाऊ. आम्ही दुसऱ्या मजल्यावर, ते चौथ्यावर. मालाडच्या एका शाळेत त्यांनी आयुष्यभर विज्ञान शिकवलं. पुस्तकात सशावर एक परिच्छेद होता. तो ते गणपतीपासून दिवाळीपर्यंत शिकवत. आज त्यांचे विद्यार्थी बँकांत आहेत, कोर्टात आहेत, एक जण तर आमच्या नाक्यावरच मोबाईल दुरुस्त करतो. न्यूटनचे नियम सगळे विसरले असतील, पण रानससा पळताना अचानक कुठे वळतो हे झोपेतून उठवलं तरी सांगतील.

पिंजऱ्यातल्या पांढऱ्या, लाल डोळ्यांच्या सशाचं नाव काढलेलं त्यांना खपत नाही. "तो गाजर खाणारा बाहुला. ससा बघायचा तर भिंतीपलीकडे जा. मातीच्या रंगाचा. मानेवर काळा डाग. आणि मागचे पाय बघा, भावोजी! स्प्रिंग आहे स्प्रिंग!"

भावोजी म्हणजे मी. माझ्या मागच्या पायांत स्प्रिंग नाही, गुडघ्यात मात्र कटकट वाजतं. सोसायटीत जो कुणी भेटेल त्याच्याशी मी अर्धा तास बोलतो. हे दादांच्या मते नैसर्गिक निवडीत बाद होण्याचं लक्षण आहे.

माणसं टाळणं ही दादांची कला. कुणी भेटायला येणार असा सुगावा लागला की ते आपल्या चपला आमच्या दाराबाहेर काढून ठेवतात आणि अनवाणी वर जाऊन बसतात. पाहुणे चपला बघून आमच्याकडे शिरतात. सुनंदा चहा करते, मी गप्पा मारतो, लाडवांचा डबा रिकामा होतो. दादा वर पंख्याखाली पेपर वाचत असतात.

एकदा मी चिडून म्हटलं, "अहो दादा, ही काय पद्धत आहे?"

"माझी नाही, सशाची. आल्या वाटेने थोडा मागे येतो आणि मग बाजूला लांब उडी मारतो. वास घेत येणारा तिथेच गोल गोल फिरत बसतो."

"म्हणजे आमच्या हॉलमध्ये."

"ते बरं नाही का? चहा तरी मिळतो त्याला."

सोसायटीच्या वार्षिक सभेत तर त्यांचं शास्त्र पणाला लागतं. या सभेचा खरा विषय एकच असतो, नवा सेक्रेटरी कोण? आणि सगळी विंग गच्चीवर जमून एकमेकांच्या नजरा चुकवत असते. कुणाला बीपी आठवतं, कुणाची गावाला खेप असते. दादा मात्र पाण्याच्या टाकीला टेकून बसतात आणि हलत नाहीत. पापणीसुद्धा नाही. गेल्या सभेला करड्या भिंतीपुढे करडा शर्ट घालून ते असे बसले होते की हजेरी घेणाऱ्याने त्यांना मोजलंच नाही. मी दुसऱ्या समोशासाठी हात वर केला. टाळ्या पडल्या आणि मी सेक्रेटरी झालो.

"जो हलला तो दिसला," खाली उतरताना ते म्हणाले. "ससा आधी पळत नाही, भावोजी. आधी बसतो. अंगावर पाय पडेपर्यंत बसतो. मग सुटतो."

मी म्हटलं, "भित्रा प्राणी."

दादा जिन्यातच थांबले. वर्गात थांबत असतील तसे. "भित्रा म्हणू नका. बिबट्या चुकला तर एक दिवस उपाशी. ससा चुकला तर विषय संपला. जे सावकाश होते ते केव्हाच कुणाच्या तरी पोटात गेले, त्यांना पोरं झाली नाहीत. जे सुटले त्यांचीच पोरं झाली, आणि त्यांच्यातली जास्त चपळ तीच पुढे राहिली. मग मागे लागणारेही चपळ होत गेले. तेव्हा सरळ धावून भागेना, म्हणून वळणं आली. अंगाने जड असेल त्याला वळता येत नाही." एवढं बोलून त्यांनी माझ्या पोटाकडे पाहिलं.

हे सगळं आम्ही हसण्यावारी नेत होतो. मंदावहिनी, म्हणजे दादांची बायको, होती तोवर तर हसायलाच मजा येई. दादा सटकले की ती म्हणायची, "जाऊंदे, जेवायच्या वेळेक बरोबर येतले." ते यायचेही. वहिनी गेली आणि दादा जेवायच्या वेळेला यायचेही बंद झाले. बाहेरून डबा लावला. घरातला गॅस फक्त चहापुरता पेटायचा.

आणि त्यात त्यांच्या एकुलत्या एका लेकीला, केतकीला, दिवस गेले.

केतकी मुलुंडला असते. पहिलं बाळंतपण माहेरी, हा आपल्याकडचा रिवाज. सुनंदा म्हणाली, "आमच्याकडे ये, मी करते सगळं." केतकी म्हणाली, "आत्या, तुझ्याकडे येईन गं, पण ते माहेर नाही ना. मला माझ्या घरी यायचंय. बाबाला विचार."

विचारणार कसं? दादा फोन उचलेनात. सुनंदा वर गेली की दार बंद. मी गेलो की चपला आमच्याच दाराशी. सातवा महिना संपत आला. एकदा केतकी फोनवर म्हणाली, "राहू दे, आत्या. बाबाला मी नकोच असेन." सुनंदाने फोन ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "तू सेक्रेटरी आहेस ना? मग एक माणूस शोधून आण."

मी शोधला नाही. टाकीचं झाकण नीट लागलंय का ते पाहायला गच्चीवर गेलो, तर दादा तिथे होते, कठड्याशी, डोंगराकडे तोंड करून. मला आधी वाटलं, आता सुटणार. पण ते सुटले नाहीत.

"भावोजी," ते वळून न बघताच म्हणाले, "बीळ खणतात ते ससे वेगळे. त्यांची पिल्लं उघडी, आंधळी जन्मतात. चालतं, कारण बीळ असतं. रानसशाला बीळ नाही. गवतात जरा खोलगट जागा करतो, एवढंच त्याचं घर. उठला की गवत पुन्हा सरळ." मग म्हणाले, "घर मंदाचं होतं. मी आपला तिथे बसायचो. पोरगी कशाच्या भरवशावर येणार?"

मी टाकीचं झाकण बघितलं आणि खाली आलो. सुनंदाला सांगितलं. तिने केतकीला सांगितलं असणार, कारण रविवारी संध्याकाळी केतकी बॅग घेऊन रिक्षातून उतरली.

आम्ही तिघं वर गेलो. दादा दार ओढून घेऊन बाहेर पडतच होते. समोर केतकी, तिच्यामागे बॅग घेऊन धापा टाकणारा मी, आणि माझ्यामागे सुनंदा. बाजूला उडी मारायला जागाच नव्हती.

"अगो, कळवायचं तरी," दादा म्हणाले.

"कळवलं असतं तर तू असतास?"

ती आत जाऊन खुर्चीत बसली. दादा दाराशीच उभे, हात कडीवर. शेवटी केतकीनेच विषय काढला, दादांच्या आवडीचा. "बाबा, सशीण पिल्लांजवळ बसते का रे?"

दादांनी कडी सोडली नाही, पण बोलले. "नाही. दिवसभर लांब राहते. तिचा माग काढत कुणी पिल्लांपर्यंत येऊ नये म्हणून. पिल्लंही वेगवेगळी दडून बसतात. डोळे उघडे, अंगावर केस. आपापली."

"आणि मग?"

"दिवस मावळला की जिथे जन्मली तिथे परत गोळा होतात. वाट बघतात. मग ती येते, दूध पाजते आणि जाते."

केतकीने खोलीवरून एकदा नजर फिरवली. "आणि आई आलीच नाही तर?"

दादांचा हात कडीवरून खाली आला.

"पेज टाकतो," ते म्हणाले आणि आत गेले.

थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून आवाज आला, "सुनंदा, तांदूळ कशात असतत गो?"

केतकी उठू लागली. सुनंदाने तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला खाली बसवलं. आत एक डबा उघडला, लागला. मग दुसरा. मग तिसरा.