गारपिटीत न हललेली छत्री

मुकुंदराव पत्तरकिने यांनी एक निर्णय घेतला. ही बातमीच म्हणायची, कारण त्रिमूर्तीनगरच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये निर्णय पत्नी सिंधूताई घेतात आणि मुकुंदराव ते पिशवीत घालून घरी आणतात. अधूनमधून त्यांनाही संधी मिळते, नाही असं नाही. मागच्या उन्हाळ्यात कूलर त्यांनीच पसंत केला होता. तो इतका दणकट निघाला की दारातून आतच जाईना. सगळा मे महिना पत्तरकिन्यांची बाल्कनी थंडगार होती आणि घरातली माणसं पंचा ओला करून कपाळाला लावत होती.

म्हणून टीव्हीचा विषय निघाला तेव्हा सिंधूताईंनी आधीच सांगून टाकलं, "टीव्हीचं तुम्ही ठरवा. जमलं तर नवा फ्रिजही तुम्हीच पसंत करा. नाही जमलं, तर यापुढे दुकानात बोलायचं मी. तुम्ही फक्त मान डोलवायची."

मुकुंदरावांनी छाती फुगवून जाहीर केलं, "केबल बंद. डिशची छत्री लावायची. एचडी."

ही बातमी वरच्या मजल्यावरच्या रुपराव ढोबळ्यांपर्यंत जिन्यानेच पोचली. केबलवाला अंकुश पारशिवनीचा, रुपरावही पारशिवनीचे, त्यामुळे केबलला कोणी नावं ठेवली की रुपरावांना आपल्या गावाची अब्रू गेल्यासारखं वाटे. ते चहाच्या वेळेला हजर झाले.

"काऊन जी मुकुंदराव, छत्री लावून राहिले म्हणे?"

"मग काय करू? परवा तो धावत आला तो बॉलर होता की अंपायर, शेवटपर्यंत कळलं नाही. केबलवर सगळाच सावळा गोंधळ."

"अंकुशनं तर साऱ्याइले एचडीचाच डबा देला. तुमालेबी देला."

"डबा दिला हो. चित्र द्यायचं विसरला."

"अन् आभाळ आलं का तुमची छत्री बंद पडते, त्याचं काय? सावनेरले माह्या साळ्याकडे पाहा. ढग दिसला का टीव्ही आंधळा होते."

"रविवारी फायनल आहे. अख्खी बिल्डिंग घेऊन या," मुकुंदराव म्हणाले. (आपण काय बोलून बसलो हे त्यांना सिंधूताईंच्या चेहऱ्यावरून कळलं, कारण अख्ख्या बिल्डिंगचा चहा त्यांना करायचा होता.) "केबलपेक्षा कमी दिसलं तर तोंडावर सांगा."

"अन् जास्त दिसलं तर मी बी छत्री लावतो. शब्द देला."

रविवारी सकाळी कंपनीचा माणूस आला, गच्चीवर लोखंडी स्टँड ठोकून छत्री बसवली, खाली केबलच्या डब्याशेजारी नवा डबा लावला, टीव्हीवर चित्र दाखवलं आणि घाम पुसत गेला. मुकुंदराव रिमोट हातात घेणार तोच सिंधूताई आडव्या आल्या.

"पूजा व्हायची आहे."

आमच्याकडे सायकल आणली तरी हँडलला हार पडतो, तर एचडी डब्याला कसा चुकेल? डबा पाटावर हवा, पाट पूर्वेला हवा आणि टीव्ही तर पश्चिमेला. तेव्हा मुकुंदरावांनी नवी चपटी वायर उपसली, डबा पाटावर मांडला, त्याला हळदीकुंकू वाहिलं आणि नारळ फोडला. प्रसाद खाऊन डबा परत जागेवर ठेवला आणि त्याच खोबरं लागलेल्या हातांनी टीव्हीमागे चाचपडत वायर पुन्हा खोचली. नव्या रिमोटलाही कुंकू लागलं होतं. "मॅच संपेपर्यंत तो देवापुढेच राहू द्या," सिंधूताई म्हणाल्या, आणि दोन्ही डबे उघडेबागडे दिसतात म्हणून त्यांच्यावर आपला क्रोशाचा रुमाल टाकला.

टीव्ही लागला. कालचंच खेळांचं चॅनल होतं, पण चित्र असं की गवताची पाती मोजून घ्यावीत. बॉलरच्या नाकावरचा घाम दिसत होता. नेमका कोणाच्या जांभईत कोणता दात नाही, तेही दिसत होतं. बिल्डिंगमधले लोक सतरंजीवर बसून बघतच राहिले. मुकुंदराव मात्र टीव्हीकडे न बघता बघणाऱ्यांकडे बघत होते. बत्तीस वर्षं कार्यालयात आवक-जावकची बारनिशी सांभाळली, पण इतकी माणसं एकाच वेळी त्यांच्या कामगिरीवर खूष झालेली त्यांनी पाहिली नव्हती.

रुपरावांना चित्रात खोट सापडेना. मग खिडकीबाहेर बघून खुलले. "आभाळ येऊन राहिलं, मुकुंदराव."

खरंच आलं. नागपूरचं अवकाळी, त्याला काळवेळ नाही. आधी धूळ उडाली, मग पत्रे वाजू लागले आणि मग लिंबाएवढ्या गारा ताडताड कोसळल्या. आता चित्र जाणार, फ्रिजही जाणार आणि जन्मभर मान डोलवत बसावं लागणार. मुकुंदरावांनी डोळे मिटले. वर गच्चीवर काहीतरी दाणकन आपटलं.

डोळे उघडले तर बॉलरच्या नाकावरचा घाम जागच्या जागी होता. चित्र तसूभर हललं नव्हतं.

सतरंजीवर टाळ्या पडल्या. (मैदानावर काहीच झालेलं नव्हतं.) रुपराव उठले आणि त्यांनी मुकुंदरावांना चक्क हात जोडले. "मानलं जी. एवढ्या गारेत हललीबी नाही."

"कंपनी बघून घेतली आहे," मुकुंदराव म्हणाले. त्या क्षणी त्यांना फ्रिजच नव्हे तर वॉशिंग मशीनही स्वतःच पसंत करावंसं वाटू लागलं.

तेवढ्यात तळमजल्यावरच्या माया मॅडम दारात आल्या. त्या नखशिखांत भिजल्या होत्या आणि त्यांच्या हातात एक वाकडी छत्री होती. "ही माझ्या अंगणात येऊन पडली. कोणाची आहे?"

सगळ्यांनी छत्रीकडे पाहिलं. मग टीव्हीकडे. मग मुकुंदरावांकडे.

मुकुंदरावांना स्वतःला काही उमजत नव्हतं, पण समोर पुरावा लख्ख चालू होता. "आमची कशी असेल? आमची चालू आहे ना," ते म्हणाले.

हे सगळ्यांना पटलं. कोणाला तर वाटलं, बाजूच्या बिल्डिंगमधून उडून आली असेल.

"कोणाचीच नाही म्हणता?" रुपरावांनी ती छत्री मॅडमच्या हातातून घेतली. "मंग मीच लावतो. शब्द देलाच हाय. थोडी ठोकली का सरळ होते."

आपला संघ जिंकला, लोक मुकुंदरावांचा जयजयकार करत जिना चढले-उतरले आणि छत्री रुपरावांच्या काखेत वर गेली. दार लागल्यावर सिंधूताईंनी टीव्हीजवळचा क्रोशाचा रुमाल उचलला. कुंकू लावलेला डबा एकीकडे सोवळ्यात बसला होता. त्याच्या पाठीत चपटी वायर नव्हतीच. ती शेजारच्या, अंकुशच्या डब्यात खोचलेली होती आणि त्याच्या जुन्या तीन रंगांच्या वायरी बाजूला लोंबत होत्या.

"म्हणजे केबलच..." मुकुंदराव म्हणाले.

"वायर जुनी होती हो. केबल बिचारी चांगली होती," सिंधूताई म्हणाल्या आणि मग पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की त्यांना खाली बसावं लागलं. मुकुंदरावांनाही हसू आलं, पण त्यांनी ते आवरलं. विजय ताजा होता.

सकाळी रुपरावांनी तज्ज्ञ म्हणून त्यांनाच गच्चीवर बोलावलं. मुकुंदरावांनी आपलीच छत्री दोन्ही हातांनी आभाळाकडे धरली आणि रुपराव पाना फिरवू लागले. सिंधूताई भिजलेल्या कुरडया गोळा करत होत्या. रुपरावांनी इकडंतिकडं पाहिलं.

"पण तुमची कुठी हाय जी?"

मुकुंदरावांच्या हातातली छत्री किंचित खाली आली.

"आमची घरातच ठेवली, भाऊजी," सिंधूताई कुरडईवरून नजर न काढता म्हणाल्या. "ह्यांची युक्ती. ऊन नको, पाऊस नको."

रुपराव थक्क झाले. "म्हणूनच ते गारेत हलली नाही. डोकं लागते गा, मुकुंदराव."

मुकुंदराव प्रसन्न हसले. असा मान त्यांना गच्चीवरच काय, जमिनीवरही कधी मिळाला नव्हता.

"संध्याकाळी सीताबर्डीच्या बाजारात जाऊ," सिंधूताई टोपली उचलत म्हणाल्या. "मी फ्रिज पाहून ठेवला आहे."

"कोणता गं?"

सिंधूताईंनी एकदा रुपरावांकडे पाहिलं, एकदा छत्रीकडे पाहिलं, आणि मुकुंदरावांनी मान डोलवली.